लिस्बनची जुनी चर्च बघायला जाताय? आधी वार बघा, मग चढ, मग रांग

लिस्बनला मी पहिल्यांदा गेले ती ऑफिसच्या कामाला जोडून मिळालेल्या तीन दिवसांत. पहिल्याच सकाळी आवरून शहराच्या पश्चिमेच्या बेलेम भागात पोहोचले, तर जेरोनिमोस मठाचं दार बंद. चूक सर्वस्वी माझीच होती. वेळापत्रकात ‘बंद’ या शब्दापुढे दोनचा आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा ‘अ’ होता. दुसरा वार म्हणजे मंगळवार, असा हिशेब मी घातला आणि सोमवारी जाऊन उभी राहिले. पोर्तुगीज लोक आठवडा रविवारपासून मोजतात, त्यामुळे त्यांचा ‘दुसरा’ म्हणजे आपला सोमवार. परतीचं विमान बुधवारी पहाटे होतं, मंगळवार कामात गेला, आणि मठ राहिला तो राहिलाच.

दोन वर्षांनी आई आणि मावशीला घेऊन पुन्हा गेले. दोघी साठी ओलांडलेल्या, आईचे गुडघे कुरकुरणारे, मावशीला प्रत्येक ठिकाणी आत काय आहे ते बघायचंच. त्या खेपेला नीट आखणी केली होती. तरी घोळ झालेच, पण ते सांगण्यासारखे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. विमानाच्या तिकिटाआधी वार

हे आधी पाठ करा: सेगुंदा म्हणजे सोमवार, तेर्सा मंगळवार, क्वार्ता बुधवार, किंता गुरुवार, सेश्ता शुक्रवार. शनिवार-रविवारला मात्र नावं आहेत, साबादो आणि दोमिंगो. आपले वार ग्रहांचे, त्यांचे आकड्यांचे. पाट्यांवर बहुतेक ठिकाणी नुसता आकडाच लिहितात.

सोमवारी जेरोनिमोस मठ, बेलेमचा बुरूज, राष्ट्रीय पँथिऑन आणि साओ रोकेचं संग्रहालय बंद असतं. कार्मोचे भग्नावशेष रविवारी बंद. म्हणजे शनिवारी रात्री उतरून सोमवारी रात्री निघणारा माणूस लिस्बनमधलं निम्मं बघतच नाही. मंगळवार ते शनिवार यांतले तीन पूर्ण दिवस हाती येतील अशी तिकिटं काढा. सोमवार पदरात पडलाच, तर तो साओ जॉर्जच्या किल्ल्याला द्या, तिथे मोर फिरतात आणि वरून सगळं शहर दिसतं.

आणखी दोन गोष्टी. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर या दिवशी मठासारख्या मोठ्या जागा बंद असतात. त्यातला १३ जून आपल्या डोक्यात कधी येत नाही, तो संत अँथनीचा सण. आदल्या रात्री आल्फामा या सगळ्या जुन्या वस्तीभर सार्डिन भाजण्याचा वास असतो, तो अनुभव घ्यायचा असेल तर जरूर जा, पण मग दुसऱ्या दिवशी मठ बघायची आशा ठेवू नका. दुसरं म्हणजे ‘रविवारी संग्रहालयं फुकट’ असं जुन्या लेखांत वाचाल, ती सवलत आता पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे.

२. कागदपत्रं

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची तारीख मिळतानाच दमछाक होते, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा.

आमच्या फायलीत हे होतं:

– पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन कोरी पानं, आणि काढून दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत
– भरलेला अर्ज, दोन फोटो
– प्रवास विमा, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला आणि शेंगेन देशांत चालणारा
– जाण्या-येण्याचं विमान आरक्षण, राहण्याच्या जागेचं आरक्षण
– बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रं
– नोकरी असेल तर रजेचं पत्र. आई-मावशीसाठी पेन्शनचे कागद
– कुठल्या दिवशी कुठे, हे सांगणारं एक पानी पत्र

इथले सापळे. सहलीत दोन-तीन देश असतील तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच देशाकडे अर्ज. लिस्बनला चार रात्री आणि पॅरिसला पाच असतील तर तुमचा अर्ज फ्रान्सकडे जातो. मावशीचं लग्नाचं प्रमाणपत्र मराठीत होतं, त्याचं इंग्रजी भाषांतर आयत्या वेळी करून घ्यावं लागलं, तेव्हा मराठी कागद आधीच वेगळे काढून ठेवा. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी लाखभर रुपये आणून खात्यात टाकू नका. तो आकडा उताऱ्यात एकटाच उठून दिसतो.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे उतरल्या दिवशी दुपारचं वेळेचं तिकीट काढायचा मोह टाळा. लिस्बनमध्ये मुक्कामावर दरडोई दर रात्री ४ युरो पर्यटक करही असतो, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत. हॉटेलच्या आरक्षणात तो बऱ्याचदा धरलेला नसतो आणि काउंटरवर मागतात.

३. बॅगेत

इथे एकच गोष्ट खरी महत्त्वाची, ती म्हणजे बूट. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे. फार देखणे, लाटांसारख्या नक्ष्यांचे, आणि वर्षानुवर्षं पावलांनी घासून साबणासारखे गुळगुळीत. त्यात शहर टेकड्यांचं. पावसाची एक सर आली की उतारावर स्थानिक माणसंही भिंतीला हात लावून चालतात. तळाला पकड असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट घाला. नवे घेतले असतील तर महिनाभर आधी ठाण्याच्या नाहीतर तुमच्या गावच्या रस्त्यांवर चालवून घ्या.

त्याखेरीज खांदे झाकायला ओढणी किंवा स्टोल (आत थंडही असतं), एक-दोन युरोची नाणी, आणि जमलं तर छोटी दुर्बीण. छतावरचं कोरीवकाम उघड्या डोळ्यांनी अर्धंच दिसतं.

४. आत गेल्यावर

आपल्याकडे देवळात चपला काढायच्या आणि डोक्यावर पदर घ्यायचा. इथे उलटं: बूट पायातच, आणि पुरुषांनी टोपी काढायची. आईचा हात दाराशी दोनदा सँडलच्या पट्ट्याकडे गेला.

दाराजवळ दगडी कुंडीत पाणी असतं, ते पवित्र जल. हात धुण्यासाठी नाही, पिण्यासाठी तर नाहीच. मेणबत्त्या बऱ्याच ठिकाणी विजेच्या आहेत. नाणं टाकलं की एक दिवा लागतो. मावशीला हे मुळीच पटलं नाही.

प्रार्थना म्हणजे ‘मिस्सा’. शब्द ओळखीचा वाटला ना? वसईत आणि गोव्यात हाच म्हणतात. पाटीवर ‘मिस्सा’ आणि पुढे वेळ दिसली की त्या वेळेत फिरायचं नाही. मागच्या बाकावर शांत बसायला मात्र कुणी हरकत घेत नाही. आम्ही एका छोट्या चर्चमध्ये असेच बसलो होतो. शेवटाकडे लोक उठून रांगेत पुढे जायला लागले, आणि पाद्री प्रत्येकाला पांढरी पातळ चकती देत होता. मी मोबाइल बंद करून वर बघते तो मावशी रांगेत! प्रसाद वाटतायत म्हणाली. मी जाऊन तिला दंडाला धरून बाजूला घेईपर्यंत तिच्यापुढे दोनच माणसं उरली होती. तो प्रसाद नव्हे. कॅथलिक माणसाच्या श्रद्धेत ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि दीक्षा घेतलेल्यांनीच ते घ्यायचं असतं. तुमच्याबरोबर घरची मोठी माणसं असतील तर हे दाराबाहेरच सांगून ठेवा.

फोटो चालतात, फ्लॅश नको. कुणी गुडघे टेकून बसलं असेल तर त्यांच्या पाठीचाही फोटो नको.

५. प्रवासाचं कार्ड

मेट्रोच्या यंत्रावर ‘नावेगांते’ नावाचं साधं कार्ड मिळतं, अर्ध्या युरोचं. प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं, एकावर तिघं जाता येत नाही. त्यात ‘झॅपिंग’ म्हणून पैसे भरले की मेट्रो, ट्राम, बस आणि लोकल गाडी सगळीकडे चालतं. मेट्रो आणि गाडीत उतरतानाही कार्ड टेकवायचं असतं.

‘लिस्बोआ कार्ड’ हा वेगळा प्रकार: प्रवास आणि बरीच प्रवेशतिकिटं एकत्र, २४, ४८ किंवा ७२ तासांसाठी. चर्च बहुतेक फुकट असल्यामुळे ज्याला फक्त चर्चच बघायची आहेत त्याला ते परवडत नाही. बेलेमचा दिवस आणि पँथिऑन जोडून करणार असाल तर परवडतं. त्याचे तास पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजतात, तारखेनुसार नाही. २४ तासांचं कार्ड सकाळी अकराला सुरू केलंत तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालतं, तेव्हा दोन सकाळी त्यात बसवता येतात.

६. पहिला दिवस: १७५५ चं शहर

लिस्बनची चर्च समजून घ्यायची तर एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला चर्च माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. छतं खाली आली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. जी माणसं मोकळ्या जागेच्या शोधात नदीकाठी धावली त्यांच्यावर थोड्या वेळाने तेजो नदीतून समुद्राच्या लाटा आल्या. आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. हे डोक्यात ठेवून फिरलात तर पुढच्या तिन्ही जागा एकाच गोष्टीचे तुकडे म्हणून दिसतात.

सुरुवात रोसियो चौकाजवळच्या साओ डोमिंगोसपासून करा. बाहेरून काहीच विशेष नाही, पुष्कळजण शेजारच्या दुकानातली चेरीची गोड दारू पिऊन तसेच पुढे जातात. आत जा. खांब जळून तडकलेले आहेत. दगडाचे पापुद्रे सुटून त्याचा आतला भाग उघडा पडलाय, कडा झिजून गोल झाल्यात. भूकंपानंतर उभारलेलं हे चर्च १९५९ मध्ये पुन्हा आगीत सापडलं. १९९४ मध्ये उघडलं तेव्हा छत नवं केलं, भिंतींना तांबूस रंग दिला, आणि खांब तसेच ठेवले. त्या खांबाला मी हात लावला, तर बोटाला खरखरीत भाजलेल्या विटेसारखं लागलं. लिस्बनमधली माझी सर्वात आवडती जागा ही. प्रवेश फुकट.

बाहेरच्या चौकात एक स्मारक आहे. १५०६ च्या ईस्टरच्या सुमाराला याच चर्चमध्ये ठिणगी पडून शहरात ज्यूंची, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची, कत्तल झाली. पुढे धर्मसमीक्षण न्यायालयाच्या, म्हणजे श्रद्धेत खोट शोधून शिक्षा देणाऱ्या ‘इन्क्विझिशन’च्या, शिक्षा इथे वाचून दाखवल्या जात. तेच न्यायालय १५६० मध्ये गोव्यात आलं. मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलेला वैद्य गार्सिया दा ओर्ता अशाच घराण्यातला. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्यात त्याची हाडं उकरून जाळली.

तिथून बायशा, म्हणजे खालच्या सपाट शहरातून, शियादोकडे जायचं. बायशाचे सरळसोट काटकोनी रस्ते भूकंपानंतर मार्क्विस ऑफ पोंबाल या राजाच्या मंत्र्याने आखून घेतलेले. भिंतींच्या पोटात लाकडी पिंजरा घालून घरं बांधली, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर ती वाकतील पण कोसळणार नाहीत. शियादोला चढायला सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टची मोठी रांग लावू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा, तिथल्या सरकत्या जिन्यांच्या लांबलचक ओळीने खालून वर निघता येतं, तेही तिकिटाशिवाय.

वर कार्मोचा मठ. १३८९ मध्ये नूनो आल्वारेस परेरा या सेनापतीने तो स्थापला. भूकंपात छत गेलं ते गेलंच. आज तुम्ही कमानींखाली उभे राहता आणि वर निळं आकाश. हे सगळं १७५५ पासून जसंच्या तसं आहे असं वाटतं, पण ते खरं नाही. नंतर पुन्हा बांधायला घेतलं होतं, काही कमानी त्या वेळच्या आहेत. १८३४ मध्ये धर्मसंघच बरखास्त झाले आणि काम तिथेच थांबलं. आतल्या छोट्या संग्रहालयात पेरूमधल्या दोन ममी आहेत, लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगा. बाहेरचा चौकही थोडा वेळ बसण्यासारखा: २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही संपली तेव्हा पंतप्रधान काएतानो याच चौकातल्या पोलिसी छावणीत अडकून पडला होता आणि इथेच त्याने सत्ता सोडली.

शेवटी साओ रोके, दहा मिनिटांवर. ग्लोरिया नावाच्या रुळांवरच्या गाडीने वर जा, असं जुनी पुस्तकं सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे भीषण अपघात होऊन सोळा माणसं गेली. त्या सल्ल्यावर विसंबू नका, कार्मोकडून चालतच या, चढ फारसा नाही.

साओ रोकेचा दर्शनी भाग एखाद्या सरकारी कचेरीसारखा सपाट. आत जेझुइटांनी सोनं ओतलंय. डावीकडच्या ओळीत वेदीच्या बाजूला संत योहानाचं छोटं प्रार्थनामंदिर शोधा. राजा जुआंव पाचवा याने ते १७४० च्या दशकात रोममध्ये बनवून घेतलं, तिथे उभं केलं, पोपकडून आशीर्वाद घेतला, मग सगळं सुटं करून तीन जहाजांतून लिस्बनला आणून पुन्हा जोडलं. निळा दिसतो तो लाजवर्दी दगड. मधली ‘चित्रं’ चित्रं नाहीत, बारीक खड्यांचं मोझेक आहे. दुर्बीण इथे काढा. आणि गोव्याला जाऊन आलेल्यांसाठी: इथल्या वस्त्रागारात फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका आहे. तो १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला लागला. ज्याची पेटी आपण बाँ जेझूसमध्ये बघतो, त्याचा इथला आरंभ.

७. दुसरा दिवस: आल्फामा, वरून खाली

बहुतेक लोक खालून चढतात आणि दुसऱ्या चर्चपर्यंत दमतात. तुम्ही उलट करा. फिगेरा चौकातून ७३७ क्रमांकाची बस किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. तिथून सगळा उतार तुमच्या बाजूने.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम म्हणाल तर तिचं कौतुक खरं आहे, पण मार्तीम मोनीझच्या थांब्यावर दहा वाजता तासाची रांग असते आणि आत खिसेकापूंचा बाजार. बसायचंच असेल तर सकाळी आठच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाहून, काम्पो दे ओरिक वरून. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. माझ्या शेजारच्या बाईंचं पाकीट गेलं ते दारातल्या धक्काबुक्कीत, आणि धक्का देणारा ‘सॉरी’ म्हणून हसत उतरला.

साओ व्हिसेंते दे फोरा हा मठ बहुतेक मराठी पर्यटकांच्या यादीत नसतो, आणि मला वाटतं मुंबईकराने तर इथे आलंच पाहिजे. जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत, आणि त्यांत कॅथरीन ऑफ ब्रागांझा आहे. हिच्याच १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेलं, आणि त्याने ते १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. ती विधवा झाल्यावर लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये याच शहरात वारली. साधी, चौकोनी दगडी पेटी. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हिला कुणी विचारलंही नसेल.” शेजारी १९०८ मध्ये भर चौकात गोळ्या घालून मारलेल्या राजा कार्लोसची आणि त्याच्या मुलाची समाधी, आणि तिच्यापुढे तोंड झाकून रडणारी दगडी बाई. वरच्या भागात निळ्या फरशांवर ला फोंतेनच्या प्राणिकथा चितारल्या आहेत. प्रत्येक कथा ओळखायचा खेळ मावशीने सुरू केला आणि कोल्हा-करकोच्याशी आम्ही अर्धा तास अडकलो.

मागेच पांढऱ्या घुमटाचं पँथिऑन, मुळातलं सांता एंग्रासिया चर्च. काम १६८२ मध्ये सुरू झालं आणि संपलं १९६६ मध्ये. ‘सांता एंग्रासियाचं काम’ म्हणजे कधीच न संपणारं काम, असा तिथे वाक्प्रचारच आहे. आपल्या उड्डाणपुलांना चालेल. फादो गायिका आमालिया रोद्रिगेस आणि फुटबॉलपटू युसेबियो इथे आहेत. वास्को द गामाचंही स्मारक आहे, पण ते रिकामं, खरा तो बेलेमला. मंगळवार किंवा शनिवार असेल तर बाहेर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

उतरत ‘पोर्तास दो सोल’ च्या कठड्यापाशी थांबा, मग से कॅथेड्रल. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एनरिकेसने शहर मूर लोकांकडून जिंकलं आणि मशिदीच्या जागी हे बांधायला घेतलं. किल्ल्यासारखे दोन बुरूज त्या काळाचेच. जुन्या गोव्यातलं ‘से’ हेच नाव इथे मुळात भेटतं: ‘से’ म्हणजे बिशपचं आसन. इथे तिकीट आहे; वेळ कमी असेल तर बाहेरूनच बघून शेजारच्या संत अँथनीच्या चर्चमध्ये जा. पादुआचा म्हणून जगाला माहीत असलेला हा संत जन्मला लिस्बनमध्ये. जन्मस्थान मानलेलं तळघर आहे, फुकट, सात-आठ पायऱ्या उतरून. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. आईचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता. तो संध्याकाळी माझ्याच सॅकमध्ये निघाला. श्रेय कुणाला द्यायचं ते आई ठरवून बसली आहे.

८. तिसरा दिवस: बेलेम

१५ क्रमांकाची ट्राम सगळे घेतात, म्हणून ती भरलेली असते. काइश दो सोद्रे स्थानकातून लोकल गाडी घ्या, सात-आठ मिनिटांत बेलेम. फक्त पाटी वाचा: कास्काइशला जाणाऱ्या जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत. हे डोंबिवलीकरांना समजावून सांगायची गरज नाही.

जेरोनिमोसला दोन वेगळ्या रांगा असतात. एक चर्चची, फुकट. एक मठाच्या आतल्या चौकाची, तिकिटाची. दारं जवळजवळ आहेत आणि रांगा उन्हात एकमेकींत मिसळतात. आम्ही पस्तीस मिनिटं चुकीच्या रांगेत उभ्या होतो. पुढच्या माणसाला विचारा, ‘इग्रेजा?’ म्हणजे चर्च (गोव्यातली ‘इगर्ज’ इथूनच). चौकाचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून वेळेसकट आधी काढा, आणि दार उघडायच्या वीस मिनिटं आधी पोहोचा.

राजा मॅन्युएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधायला घेतलं. पैसा आला पूर्वेच्या मालावरच्या, मुख्यत्वे मिरीसारख्या मसाल्यांवरच्या करातून. म्हणजे या दगडात मलबारची मिरी मुरलेली आहे. चर्चच्या आत खांब ताडाच्या झाडांसारखे वर जाऊन छतात फुटतात. इतके सडपातळ, तरी १७५५ ला टिकले. वेदीजवळ राजांच्या समाध्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. कान बघा, आपल्याकडचे हत्ती. दाराजवळ वास्को द गामा आणि कवी कामोंइश समोरासमोर. गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला वारला, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. समाधीवर जहाज कोरलंय. मला शाळेत त्याने ‘भारताचा सागरी मार्ग शोधला’ एवढंच शिकवलं होतं. १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं हे नाही. मी फोटो काढला नाही. मावशीने दोन काढले.

चौकात घाई करू नका. दगडात दोरखंड, गाठी, पोवळी, आणि राजाची खूण असलेला गोलाकार खगोलयंत्राचा सांगाडा सगळीकडे कोरलाय. दोन मजले आहेत, जिना आहे. आईला खालच्याच मजल्यावर बाकावर बसवलं, आणि तिला वरच्यांपेक्षा जास्त दिसलं असं तिचं म्हणणं.

जेवणाचं इथेच सांगते. उपाहारगृहात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. हात लावला की बिलात. नको असेल तर लगेच परत पाठवा, कुणी रागावत नाही. शाकाहारींनी हिरव्या पानांच्या ‘काल्दो व्हेर्दे’ सुपाला भुलू नये, त्यात सॉसेजचा तुकडा असतो. ‘सें कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, ‘सें पेश’ म्हणजे मासळीशिवाय. आभार मानताना पुरुषाने ओब्रिगादो, बाईने ओब्रिगादा. मठाजवळचं १८३७ पासूनचं प्रसिद्ध कस्टर्ड-टार्टचं दुकान मात्र चुकवू नका, आणि रस्त्यावरची रांग बघून परतू नका. ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते. आत मागे खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायला जागा लवकर मिळते. वर दालचिनी भुरभुरून खायचं.

बुरूज शेवटी ठेवा. १५१४ ते १५१९ मध्ये बांधलेला, नदीच्या काठावर. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा निघण्याआधी उघडा आहे का ते बघा. आत जायचा हट्ट नको: वर जायला एकच अरुंद गोल जिना, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी सिग्नलचे दिवे, आणि गुडघेदुखीवाल्यांना मधे थांबायला जागा नाही. खरी गंमत बाहेरून दिसते. वायव्य कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी एका गेंड्याचं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला (तोच, ज्याच्या आफोन्सो नावावरून हापूस झाला) दिलेला गेंडा १५१५ मध्ये जहाजातून इथे उतरला, तेव्हा युरोपने कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. राजाने तो पुढे पोपला भेट म्हणून धाडला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळदंडासकट मेला. वारा आणि खारी हवा खाऊन त्या दगडी डोक्याचं शिंग केव्हाच झिजलंय, त्यामुळे ओहोटीच्या वेळी पश्चिमेकडून थोडं वाकून, दुर्बीण लावून बघावं लागतं. मावशीला ते डुकराचं वाटलं.

परतीची गाडी दर वीसेक मिनिटांनी आहे. लिस्बनकडची बाजू पुलाच्या कुठल्या जिन्याने ते चढण्याआधी बघून घ्या, नाहीतर पुन्हा तेवढ्याच पायऱ्या.